अर्धा किलोवाले साहेब

मी आज जिथे उभा आहे तिथे मला अर्धा किलोवाल्या साहेबांनी उभं केलं. त्यांचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण मुरबाडच्या बाजारात ते नाव घेऊन विचारलंत तर कोणी घर दाखवणार नाही. अर्धा किलोवाले साहेब म्हटलं की भाजीवाली हातातली जुडी खाली ठेवते, बोटाने गल्ली दाखवते आणि मग हळूच स्वतःच्या काट्याकडे एकदा बघून घेते.

साहेब वजनमापे निरीक्षक होते. दुकानांचे, गिरण्यांचे, डेअऱ्यांचे काटे तपासून त्यावर शिक्का मारण्यात त्यांची सारी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या कापडी पिशवीत अर्ध्या किलोचं एक पितळी वजन असायचं, जुन्या मऊ रुमालात गुंडाळलेलं. बोटांचा घाम लागला तरी वजन बदलतं, असं ते म्हणत. ते वजन सरकारी नव्हतं. "सरकारी असतं तर जमा केलं असतं," हे ते कोणी न विचारताही सांगत. पेरू घ्यायचे असले तरी आधी पारड्यात ते वजन जाई. काटा बरोबर निघाला की साहेब म्हणत, "शाब्बास." ही शाबासकी काट्याला असायची. विकणाऱ्याकडे ते बघतही नसत.

घरावर त्यांनी पाटी लावली होती: 'येथे तपासणीआधीची तपासणी करून मिळेल.' एका गृहस्थांनी ती वाचून लघवीची बाटली आणली होती. साहेबांनी त्यांना आदराने बसवलं, लॅबचा पत्ता दिला आणि दुसऱ्या दिवशी पाटीखाली एक ओळ वाढवली: 'फक्त संस्थांची.'

काम खरंच तेवढंच होतं. सरकारी तपासणी येण्याआधी संस्थेने स्वतःला कसं तपासावं, हे साहेब शिकवत. डेअऱ्या झाल्या, भाताच्या गिरण्या झाल्या. मग आमच्यासारख्या संस्थांत माणसांऐवजी संगणक निर्णय घ्यायला लागले आणि त्यांच्यावरही सरकारची देखरेख येणार अशी चिन्हं दिसू लागली, तेव्हा साहेबांनी चष्मा बदलला आणि ते सगळे मसुदे वाचून काढले. लोक पेपर वाचतात तसे ते सरकारी अधिसूचना वाचत. कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द मात्र मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. ते त्याला 'काटा'च म्हणत.

मी शेणव्याचा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं दार पाहिलेलं नाही. शहापूरला बी.एस्सी. झालो आणि तिथल्याच एका आरोग्य संस्थेत चिकटलो. संस्था गावोगावच्या गरोदर बायांची काळजी घेत असे. सिस्टर दोन आणि पाडे अनेक, म्हणून संस्थेच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी एका शहरी कंपनीकडून बोलणारं यंत्र आणलं होतं. ते दर आठवड्याला प्रत्येक बाईला फोन करी, चार प्रश्न विचारी: पायाला सूज आहे का, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, बाळ हलतं का. उत्तरं ऐकून यंत्र स्वतःच यादी लावी, लाल, पिवळी आणि हिरवी. सिस्टर लाल यादीतल्या घरी आधी जात. हिरवी यादी महिन्याने बघितली जाई. बाया त्या यंत्राला 'फोनवाली बाय' म्हणत.

मग जिल्ह्याहून पत्र आलं. आरोग्याच्या कामात अशी यंत्रं वापरणाऱ्या संस्थांनी आपल्या चाचण्या आणि चुकांची नोंद तयार ठेवावी, पथक पाहणीला येईल. कंपनीकडे विचारलं तर त्यांनी उशीएवढी जाड इंग्रजी फाईल पाठवली. ती मी दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा मला वाटलं की आपलं इंग्रजी कच्चं आहे. शेवटी डॉक्टरबाईंनी मुरबाडहून साहेबांना बोलावलं.

साहेब आले ते मागच्या दाराने. "पुढच्या दाराने पाहुणा येतो," ते म्हणाले. आल्या आल्या चहा नाकारला, पिशवीतून स्वतःची बाटली काढून त्यातला गार झालेला चहा प्यायले. तपासायला गेलेल्या जागी घोटभर पाणीही घ्यायचं नाही हा नोकरीतला नियम त्यांनी पेन्शनीतही पाळला होता. मग त्यांनी सगळ्यांना एकेकटं गाठून तेच प्रश्न विचारले. हे यंत्र नक्की काय ठरवतं? त्याने चुकीचं ठरवलं तर ते पहिल्यांदा कोणाला कळेल? आणि कळल्यावर ते बंद कोण करेल? शेवटच्या प्रश्नावर डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं, मी कंपनीकडे, आणि कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं की तो अधिकार संस्थेचा. जीपच्या ड्रायव्हरने मात्र सरळ उत्तर दिलं. तो म्हणाला, "साहेब, वायर काढीन." साहेबांनी त्याचं उत्तर वहीत लिहून घेतलं आणि पुढे लिहिलं, 'संस्थेत सध्या एवढीच व्यवस्था आहे.'

मला ते 'पदवीधर' म्हणायचे. सुरुवातीला मला ते चिडवणं वाटायचं. "पदवीधर, हे वाचा." "पदवीधर, शेणव्याला भात कसा आहे यंदा?" मी उत्तर देताना शब्द निवडून, पुस्तकात असतात तसे द्यायचो. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात माझ्या 'नाय'वर वर्ग हसला होता. त्यानंतर मी 'नाय' गावच्या वेशीवर ठेवून येऊ लागलो होतो.

त्यांची एक सवय मला फार विचित्र वाटे. संध्याकाळी मी त्यांना मुरबाडच्या एसटीला बसवायला जाई. गाडी लागायची, रिकामी असायची, आणि साहेब चढायचे नाहीत. "ही जाऊ दे," म्हणायचे. मग दुसऱ्या गाडीपर्यंत आम्ही स्टँडच्या बाकावर बसायचो. एकदा कंडक्टरने विचारलं, "काका, जायचाय का नाय?" साहेब म्हणाले, "जायचंय. पण तुझ्या घाईने नाही." कंडक्टर तोंड फिरवून गेला. साहेब लोकांशी गोड वागत असं मी म्हणणार नाही. सख्ख्या पुतण्याच्या लग्नात त्यांनी हलवायाचा काटा चुकीचा ठरवला होता आणि ते कुटुंब अजून त्यांच्याशी बोलत नाही.

यंत्राची चाचणी माझ्याकडे होती आणि तिचा मला अभिमान होता. मी स्वतः यंत्राशी फोनवर बोललो होतो, दुपारच्या दुपारी. वेगवेगळ्या आजारी बायका होऊन मी शंभर उत्तरं दिली. सूज आहे का, हो. अंधारी येते का, नाही. शंभरच्या शंभर बरोबर निघाली. मी अहवालात लिहिलं, 'यंत्रास स्थानिक बोली समजते,' आणि खाली सही केली. छापील कागदावरची ती माझी पहिली सही.

साहेबांनी अहवाल वाचला आणि रुमाल सोडून वजन टेबलावर ठेवलं.

"स्थानिक म्हणजे कोण, पदवीधर?"

मी म्हणालो, "मीच, साहेब. मी इथलाच."

"घरी आईने विचारलं, जेवलास का, तर काय म्हणतोस?"

मला खरंच आधी आठवेना, आणि आठवलं तेव्हा सांगवेना.

साहेबांनी मग मला त्यांच्या धंद्यातली गोष्ट सांगितली. काटा तपासायचा तर पारड्यात अशी वस्तू टाकावी लागते जिचं वजन आपल्याला आधीच पक्कं ठाऊक आहे. ज्याचा काटा, त्याचंच वजन वापरलं तर सगळं नेहमीच बरोबर येतं. "तू यंत्राच्या भाषेत बोललास," ते म्हणाले, "आणि यंत्राला यंत्राची भाषा कळली. आता खरं वजन आण."

खरं वजन म्हणून त्यांनी माझ्या आईला निवडलं. मला नको होतं. ऑफिसात, स्पीकरवर, सगळ्यांसमोर आईचं बोलणं ऐकू जाणार. पण साहेबांनी माझ्याच फोनवरून आईला समजावलं. आजच्या दिवस तुम्ही गरोदर आहात, तुमचं डोकं दुखतंय, पायाला सूज आहे, अंधारी येतेय, कोणी विचारलं तर तसं सांगा. आई म्हणाली, "ह्या वयात, साहेब? घरात म्हाताऱ्याला काय सांगू?" सिस्टर तोंडाला पदर लावून हसल्या. साहेब हसले नाहीत. ते वहीत तारीख घालत होते.

मग यंत्राने आईला फोन लावला.

"नमस्कार. तुमचं डोकं दुखतं का?"

"हाय गो," आई म्हणाली.

"नमस्कार!" यंत्र म्हणालं. "तुमचं डोकं दुखतं का?"

"हाय म्हनते ना."

"नमस्कार! तुमचं डोकं दुखतं का?"

"हाय, हाय. किती येला सांगू?"

"ठीक आहे. काळजी घ्या," यंत्र म्हणालं, आणि पुढच्या प्रश्नावर गेलं. तिथेही तेच झालं. फोन संपला तेव्हा पडद्यावर आईचं नाव हिरव्या यादीत पडलं होतं. शहरातल्या मुलामुलींच्या बोलण्यावर शिकलेलं ते यंत्र. त्याला 'हाय' म्हणजे कोणी इंग्रजीत रामराम करतंय असं वाटत होतं. ते परत नमस्कार करी, तीनदा उत्तर मिळालं नाही असं धरी, आणि तक्रार नाही म्हणून पुढे जाई.

आईने लगेच उलटा फोन केला. "रे, ही बाय लय सभ्य हाय, पण आयकत नाय."

सगळे हसले. मीही हसलो, लाज लपवायला. साहेबांनी हात वर केला. "खऱ्या फोनांत किती जणींनी हाय म्हटलंय?"

शंभर उत्तरांत मी एकदाही 'हाय' म्हटलं नव्हतं, कारण 'नाय'बरोबर तो शब्दही मी स्वतःच्या तोंडातून काढून टाकला होता. माझ्या आईचा शब्द, आजीचा शब्द, ज्यांच्यासाठी ते यंत्र आणलं त्या प्रत्येक बाईचा शब्द.

आम्ही हिरव्या यादीतल्या फोनांचं रेकॉर्डिंग ऐकायला बसलो. साहेब म्हणाले, कागद नंतर, आधी यादी. बऱ्याच जणी एखाद्या किरकोळ दुखण्याला हाय म्हणत होत्या. पण टोकावड्याच्या वरच्या अंगाला एका पाड्यावरची एक मुलगी होती, पहिलटकरीण, बाळंतपणासाठी माहेरी आलेली. सासरच्या गावची सिस्टर तिला ओळखत होती, इथली ओळखत नव्हती, तिच्याबरोबर आला होता तो फक्त फोन. सूज, हाय. डोकं, हाय. अंधारी, हाय. तीन आठवडे, दर आठवड्याला. आणि दर वेळी तिला मिळाला होता नमस्कार.

जीप निघाली. मीही गेलो, कारण साहेबांनी नुसतं दाराकडे बघितलं. सिस्टरने तिचं ब्लडप्रेशर मोजलं, पुन्हा मोजलं आणि ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितलं. गाडीत सिस्टरच्या तोंडून निघून गेलं, "अगं, एवढं होत होतं तर सांगायचं नाही का?"

मुलगी सुजलेल्या पायांकडे बघत म्हणाली, "सांगितलं ना. तीन येला सांगितलं. ती नमस्कारच करत व्हती."

मोठ्या दवाखान्यात तिला ठेवून घेतलं. मूल दिवसांआधी झालं, मुलगी, काही दिवस काचेच्या पेटीत होती. दोघी वाचल्या. आणखी एक आठवडा गेला असता तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी सिस्टरला सांगितलं आणि सिस्टरने मला सांगितलं नाही.

आता प्रश्न होता तो पथकापुढे ठेवायच्या कागदाचा. डॉक्टरबाई वाईट नव्हत्या, हे मी आधी लिहून ठेवतो. त्या म्हणाल्या की चूक सापडली, कंपनी ती दुरुस्त करते आहे, मुलगी सुखरूप आहे. हे सगळं लिहून दिलं तर यंत्र बंद होईल आणि दोन सिस्टर सगळे पाडे फिरू शकणार नाहीत. जुना अहवाल तसाच राहू दे. त्यावर सही माझी होती. माझी नोकरी कायम होण्याची फाईलही त्यांच्याच टेबलावर होती, हे त्या बोलल्या नाहीत आणि बोलायची गरजही नव्हती.

मी दोन कागद तयार केले. एक जुना. दुसऱ्यावर 'हाय'ची सगळी हकिकत, आणि चाचणी कोणी केली त्याचं नाव. साहेब आले की ते काय ते सांगतील असं मी ठरवलं होतं. साहेब आले, दोन्ही कागद वाचले, शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि काहीच सांगितलं नाही. त्या संध्याकाळी स्टँडवर मी न राहवून विचारलं. तेवढ्यात मुरबाडची एसटी लागली. साहेबांनी नेहमीप्रमाणे ती जाऊ दिली आणि मग मला ती गोष्ट सांगितली.

नोकरीच्या सुरुवातीला ते एका आठवडे बाजारात काटे तपासत होते. हिरडा विकत घेणाऱ्या एका माणसाचा मोठा काटा शेवटी उरला. एसटी लागली होती, कंडक्टर घंटी मारत होता. साहेबांनी काट्याखालची माती झाडली नाही, वजनं लावली नाहीत, शिक्का मारला आणि पळत गाडी पकडली. पुढच्या हंगामात एका ठाकर म्हातारीने त्यांना रस्त्यात गाठलं. तिचं म्हणणं एवढंच होतं की तिची टोपली तीच, झाड तेच, मग हिरडा हलका कसा झाला. साहेबांनी जाऊन काटा बघितला. तो कमी दाखवत होता, आणि त्याच्यावर त्यांचा शिक्का होता.

"मग?" मी विचारलं.

"माझा शिक्का मीच फोडला. आणि माझ्याविरुद्ध मीच अहवाल लिहिला. सेवापुस्तकात शेरा आहे, येऊन बघ."

त्यानंतरच त्यांनी हे पितळी वजन करून घेतलं होतं. त्यानंतर त्यांनी कधी पहिली एसटी पकडली नाही.

दुसरी गाडी आली. चढताना साहेबांनी रुमालात गुंडाळलेलं वजन माझ्या हातात ठेवलं. "दोन्ही कागदांवर ठेव. पंख्याने उडतील." पायरीवरून वळून म्हणाले, "काय झालं ते लेखी कळव. फोनवर माणूस आपलीच बाजू घेतो."

पथक येऊन गेल्यावर मी त्यांना पत्र पाठवलं. त्याची नक्कल माझ्याकडे आहे, ती इथे देतो.

*

ती. साहेबांस,

सा. न. वि. वि. हा नमस्कार यंत्राचा नव्हे, माझा आहे.

आपण लेखी कळवायला सांगितलं होतं म्हणून लिहितो. पथकात दोन अधिकारी होते, एक गृहस्थ आणि एक बाई. त्यांनी मागच्या दाराने येण्याचं कारण नव्हतं, पण मी सकाळीच ते उघडून ठेवलं होतं. त्यांनी अहवाल मागितला. पंखा चालू होता. मी आपलं वजन उचललं, खालचा जुना कागद काढून घेतला आणि दुसरा पुढे केला. डॉक्टरबाई माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर हात थांबला असता.

यंत्र सध्या बंद आहे. पुन्हा चाचणी झाल्याशिवाय सुरू करायचं नाही असं लिहून दिलं गेलं. तोवर फोन आम्हीच करतो, सिस्टर, मी आणि ड्रायव्हरसुद्धा. त्याच्याशी बाया सगळ्यात मोकळेपणी बोलतात. डॉक्टरबाई काही दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. परवा त्यांनी स्वतः मला विचारलं, नव्या चाचणीला पाड्यावरच्या किती बाया बोलवायच्या, आणि तुझी आई येईल का. आई यायला तयार आहे. पुन्हा गरोदर व्हायला लागणार का, एवढंच तिने विचारलं. माझं कायम होण्याचं अजून काही कळलेलं नाही.

टोकावड्याच्या मुलीला भेटून आलो. बाळ आता बरं भरलंय. सिस्टरने मोजलं तेव्हा मी आधी आपलं अर्धा किलो काट्यावर ठेवून बघितलं. काटा बरोबर होता. मी त्याला शाब्बास म्हटलं.

एक गोष्ट सांगायची राहिली. अधिकारी बाईंनी माझा कागद शेवटपर्यंत वाचला. बाई इकडच्या नव्हेत, विदर्भाकडच्या असाव्यात. त्यांनी सहीवर बोट ठेवून विचारलं, "ही पहिली चाचणी तुम्हीच केली होती? ही चूक तुमची आहे?"

साहेब, मी 'हो, माझी आहे' असं म्हणायचं ठरवून ठेवलं होतं. आदल्या दिवशी आरशापुढे म्हणून बघितलं होतं. पण तोंडातून निघालं, "हाय."

बाई लिहिता लिहिता थांबल्या. पेन वर धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हाय म्हणजे हो ना?"

यंत्रानेही तेवढंच विचारायचं होतं, साहेब.

आपला,
पदवीधर